राजवंशाची कथा आणि कथेबाहेरची माणसे

मौखिक राजकथेचे वाचन नेमके कोणी करायचे, हा प्रश्न आपल्याकडे कधी नीटपणे विचारला गेला नाही. समीक्षकाने ती ‘लोकसाहित्य’ म्हणून बाजूला ठेवली. लोकसाहित्याच्या अभ्यासकाने तिच्यातील कल्पनाबंध मोजले. इतिहासकाराने, बखरीच्या बाबतीत तो जेवढी तसदी घेतो तेवढीही न घेता, तिच्यातून राजांची नावे आणि सनावळी काढून घेतली व उरलेला भाग दंतकथा म्हणून टाकून दिला. परिणामी अशी कथा ही एक संहिता आहे, तिला निवेदक आहे, श्रोता आहे, तिच्यात उच्चारलेले आणि गाळलेले असे दोन्ही आहे, हे साधे भान तिच्या वाट्याला आले नाही. काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गात चांद्याच्या स्थापनेची कथा शिकवत असताना सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातून येणाऱ्या विद्यार्थ्याने विचारले, “सर, हे राजानं सांगितलं की लोकांनी?” त्या दिवशी मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. प्रश्न मात्र राहिला, आणि त्याचा पाठपुरावा करताना मी जाऊन पोचलो तो मध्य आफ्रिकेतील लुबा राज्याविषयी झालेल्या एका वादापाशी.

लुबा राज्य हे आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या आग्नेय भागातले, लुआलाबा नदीच्या उपेम्बा खोलगट प्रदेशालगतचे. मीठ, लोखंड, सुकवलेले मासे यांच्या देवघेवीवर उभा राहिलेला हा समाज. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हस्तिदंत आणि गुलाम यांच्या व्यापाराने त्याची घडी विसकटली व पुढे बेल्जियन सत्तेने ती मोडली. या राज्याची आद्यकथा थोडक्यात अशी : न्कोंगोलो नावाचा तांबूस वर्णाचा, क्रूर, मद्यपी राजा होता, इंद्रधनुष्याच्या सर्पाशी त्याचे नाते. त्याच्या राज्यात पूर्वेकडून म्बिदी किलुवे नावाचा कृष्णवर्णी शिकारी राजपुत्र आला. न्कोंगोलो चारचौघांत बसून खात असे; पाहुणा मात्र आडपडद्यामागे जेवत असे. म्बिदीला न्कोंगोलोच्या बहिणीपासून कलाला इलुंगा हा मुलगा झाला. मामाने भाच्याला मारण्यासाठी नाचाच्या जागी भाले रोवलेला खड्डा खणून वर चटई अंथरली. ढोलाच्या बोलांतून मिळालेल्या इशाऱ्याने भाचा वाचला, पित्याच्या देशी पळाला, सैन्य घेऊन परतला आणि न्कोंगोलोचा शिरच्छेद झाला. कलालापासून ‘बुलोप्वे’, म्हणजे राजरक्तातून वाहणारे पवित्र राजत्व, सुरू झाले.

कंस आणि कृष्ण आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात हे खरे. पण तो मोह आवरावा. मामा-भाच्याचे साम्य दाखवून आपल्याला जे समाधान मिळते ते फार स्वस्तातले असते.

बेल्जियन मानववंशशास्त्रज्ञ ल्यूक द ह्यूश यांनी १९७२ मध्ये मद्यधुंद राजाविषयीच्या आपल्या ग्रंथात ही कथा लेव्ही-स्ट्रॉसच्या संरचनावादी पद्धतीने वाचली. त्यांच्या मते न्कोंगोलो आणि म्बिदी या व्यक्तीच नव्हेत. कोरडा ऋतू आणि पाऊस, इंद्रधनुष्य आणि चंद्र, अगम्यगमन आणि बहिर्विवाह, उघड्यावरचे खाणे आणि पडद्याआडचे खाणे अशा विरोधी जोड्यांची ती एक व्यवस्था आहे. बांटू भाषिकांच्या फार जुन्या विचारविश्वाचा तो आविष्कार आहे. याच्या विरुद्ध टोकाला जान व्हान्सिना. मौखिक परंपरा हे इतिहासाचे साधन आहे, लेखी कागदाला लावतो तीच चिकित्सा तिला लावली की तिच्यातून भूतकाळ हाती येतो, हा त्यांचा १९६१ च्या ग्रंथापासूनचा आग्रह. १९८३ साली लिहिलेल्या एका निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी संरचनावाद्यांना विचारले होते, की डौलदारपणा हाच पुरावा मानायचा काय? हा प्रश्न मला आजही मोलाचा वाटतो. द ह्यूश यांची मांडणी वाचताना एखादा कसलेला कीर्तनकार पूर्वरंगातले सगळे धागे उत्तररंगात जुळवून दाखवतो तेव्हा वाटते तसे वाटते : इतके जुळते, म्हणजे काहीतरी दडपले गेले असणार.

तथापि व्हान्सिनांचीही अडचण आहे, आणि ती लुबांनीच निर्माण केलेली आहे. लुबा दरबारात ‘म्बुद्ये’ नावाचे एक मंडळ होते. राजवंशाची स्मृती जपणे आणि राजाने मर्यादा ओलांडली तर त्याच स्मृतीच्या आधारे त्याला आवर घालणे, अशी त्याची दुहेरी भूमिका. या मंडळीकडे ‘लुकासा’ नावाची हातात मावणारी लाकडी फळी असे. तिच्यावर मणी, कवड्या-शिंपल्या आणि कोरीव खुणा. डाव्या हातात फळी धरायची आणि उजव्या हाताचे बोट मण्यामण्यावरून फिरवत राजांची प्रवासकथा, दरबारातील जागांची मांडणी, वंशांची नाती सांगायची. महत्त्वाची गोष्ट अशी, की एकाच फळीचे वाचन प्रत्येक वेळी सारखे होत नसे. कोण वाचतो, कोणापुढे वाचतो, प्रसंग राज्यारोहणाचा की तंट्याचा, यावर मण्यांचा अर्थ ठरे. मेरी नूटर रॉबर्ट्स आणि ॲलन रॉबर्ट्स यांनी १९९६ मध्ये लुबा कलेतील स्मृतीविषयी जे संपादन केले त्यात हा मुद्दा सविस्तर आला आहे. संहिता स्थिर आणि अर्थ वाचनात घडणारा, हे आपण विसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपीय सिद्धान्तकारांकडून मोठ्या कौतुकाने शिकलो. लुबांच्या दरबारात तो कामकाजाचा भाग होता.

त्याच समाजातील आणखी एक प्रथा इथे लक्षात घेण्याजोगी आहे. राजा मेल्यावर त्याचा आत्मा एका स्त्रीच्या ठायी वास करतो, अशी श्रद्धा होती. ‘म्वादी’ म्हटली जाणारी ही स्त्री मृत राजाच्या वस्तीत त्याच्याच इतमामाने राही आणि नवा राजा तिच्याकडे भेटी पाठवी. लुबांची राजासने पाहिली तर बैठक डोक्यावर तोललेली बहुधा स्त्रीच असते. वंशावळीत मात्र नावे पुरुषांची. म्हणजे कथा ज्यांच्या आधारावर टेकलेली असते ते आणि कथेत ज्यांची नावे येतात ते, हे दोन वेगळे असू शकतात. हे सूत्र हाती घेऊन आता आपल्या प्रदेशाकडे वळू.

चांद्याच्या गोंड राजवंशाची जी कथा आज सर्वत्र सांगितली जाते तिचा लेखी उगम मुख्यतः एकच : मेजर ल्यूसी-स्मिथ यांचा १८६९ चा जमीनमहसूल व्यवस्थेविषयीचा अहवाल. शिरपूरच्या भीम बल्लाळसिंहापासून नीळकंठशाहापर्यंत एकोणीस राजे, काळ सुमारे इ. स. ८७० ते १७५१. सरासरी काढली तर प्रत्येक राजाच्या वाट्याला सेहेचाळीस वर्षांहून अधिक राज्यकाल येतो. पिढ्यान्‌पिढ्या एवढे दीर्घायुषी राजे कोणत्याही राजवंशाला लाभत नाहीत. याहून बोलका पुरावा यादीतच आहे. तिच्यानुसार बाबाजी बल्लाळशाहाची कारकीर्द सोळाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशातच संपते. आणि त्याच शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या आईन-इ-अकबरीत चांद्याचा जमीनदार म्हणून बाबाजीचे नाव येते, सोबत एक हजार घोडदळ आणि चाळीस हजार पायदळ. अर्थात यादी मागे खेचून लांबवलेली आहे. इतिहासकार इथे थांबतो आणि ‘आरंभीचे राजे काल्पनिक’ असा शेरा मारतो. समीक्षकाचे काम इथून सुरू व्हायला हवे. यादी लांबवण्याची गरज कोणाला होती? राजवंशाची गाथा सांगणाऱ्या परधानांना ८७० या आकड्याशी काय देणेघेणे? तो आकडा महसूल अधिकाऱ्याच्या कोष्टकाची निकड आहे. कोष्टकात रकाना असतो, आणि रकाना रिकामा ठेवता येत नाही.

स्थापनेची कथा सर्वश्रुत आहे, तरी तिची वीण पाहू. खांडक्या बल्लाळशाहाच्या अंगावर गाठी उठलेल्या असतात. कोणत्याही औषधाने त्या जात नाहीत. राणीच्या सल्ल्याने तो शिरपूर सोडून वर्धेच्या काठी बल्लारपूर वसवतो. शिकारीत तहानलेला असता झरपट नदीच्या कोरड्या पात्रात एका खळग्यातले पाणी पितो, त्या रात्री त्याला गाढ झोप लागते आणि सकाळी गाठी गेलेल्या असतात. राणी ती जागा शोधून काढायला लावते. खडकात गाईच्या खुरांच्या पाच खुणा सापडतात, देव स्वप्नात येतो, अचलेश्वराचे देऊळ उभे राहते. पुढे त्याच परिसरात कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा राजाच्या कुत्र्याचा पाठलाग करताना दिसतो. राणी म्हणते, ही भूमी वीर्यवान आहे, पाठलागाच्या रेषेवरून कोट बांधा.

कुत्र्यावर उलटणारा ससा विजयनगरच्या स्थापनेतही आहे, अहमदाबादच्याही आहे. कल्पनाबंधांच्या सूचीत नोंद झाली की आपले लोकसाहित्यविशारद निश्चिंत होतात. परंतु प्रवासी कल्पनाबंध ज्या ठिकाणी मुक्काम करतो तिथे तो काय काम करतो, हे पाहायला हवे. विजयनगरात सशाचा अर्थ ऋषी सांगतो. चांद्यात राणी सांगते. गाठी राजाच्या अंगावर, वाचन राणीचे. खळग्यातले पाणी हे केवळ पाणी नव्हे आणि ससा हा केवळ ससा नव्हे, हे तिला कळते. राजा भोगणारा आहे, अर्थ लावणारा नाही. सतराव्या शतकातील वीरशाहाची समाधी त्याची विधवा हिराई हिने बांधविली आणि महाकालीच्या देवळाशीही तिचेच नाव जोडलेले आहे, हे आठवले की कथेतील राणी ही निव्वळ अलंकार राहत नाही. ल्यूसी-स्मिथच्या यादीत मात्र राण्यांना क्रमांक नाहीत. म्वादीच्या डोक्यावर तोललेले आसन इथेही आहे, फक्त ते लाकडात कोरलेले नाही.

आता कथेतील शिवाचा प्रवेश पाहा. शिरपूरपासून झरपटपर्यंतच्या प्रवासात राजा गोंड पेनांच्या, म्हणजे कुलदेवतांच्या, प्रदेशातून तीर्थाच्या प्रदेशात शिरतो. रा. चिं. ढेरे यांनी दैवतांच्या स्थलांतरातून समाजांचे समन्वय वाचण्याची जी दृष्टी मराठीला दिली तिच्या आधारे याला ‘समन्वय’ म्हणता येईल. मला तो शब्द इथे पुरेसा वाटत नाही. आजारी असलेला राजा गोंड आहे आणि बरा झालेला राजा शैव आहे. रोग आणि उपचार यांची ही वाटणी निष्पाप नाही. लुबा कथेत चारचौघांत खाणारा न्कोंगोलो हा आधीचा आणि पडद्याआड जेवणारा म्बिदी हा नंतरचा, सभ्य. तशीच ही मांडणी. फरक एवढाच, की लुबांनी जुने आणि नवे दोन देहांत विभागून एकाचे डोके उडवले. चांद्याच्या निवेदकाने दोन्ही एकाच देहात ठेवून फक्त गाठी घालवल्या. कोटाच्या दरवाजांवर हत्तीला दाबून धरणारे सिंहाचे शिल्प आहे. त्या दगडात जे उघडपणे सांगितले आहे ते कथेत असे मवाळ होऊन येते.

समाजरचनेविषयी या संहितेत मिळणारी माहिती बरीचशी हीरशाहाच्या निमित्ताने येते : पडीत जमीन लागवडीखाली आणणाऱ्याला सनदा, तळे बांधणाऱ्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन. तळ्यांचा हा प्रदेश आजही पाहणाऱ्याला ते पटते. पण ही माहिती आपल्यापर्यंत का पोचली? अधिकाऱ्याला जमिनीची मालकी कोणाची ते ठरवायचे होते. राज्याचे जे अंग मालकीच्या प्रश्नाला लागत होते ते नोंदले गेले. नाच, नाती, खाण्याच्या रीती, घोटुलासारख्या संस्था हे सारे त्या अहवालापुरते अंधारात राहिले. लुबांच्या बाबतीतही फादर कोल, प्रशासक व्हेरहुल्पेन, मिशनरी बर्टन यांच्या कागदांतून हीच गाळणी दिसते. प्रत्येकाला त्याच्या कामापुरता राजा हवा होता.

इथवर आलेले विवेचन एखाद्या राज्यापुरते मर्यादित ठेवले असते तर लेख इथे संपला असता. परंतु मी ज्या गावात राहतो त्या जळगाव जामोदच्या उत्तरेला सातपुडा आहे, आणि त्याच्या कुशीत सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा अशा वस्त्यांतून निहाली भाषा बोलली जाते. बोलणारे दोन-अडीच हजारांच्या घरात. या भाषेचा कोणत्याही ज्ञात कुळाशी संबंध सिद्ध झालेला नाही. १९०६ च्या लिंग्विस्टिक सर्व्हेत ती कोरकूच्या शेजारी मुंडा गटात बसवली गेली. १९६२ मध्ये डच पंडित कुइपर यांनी तिचा तुलनात्मक अभ्यास केला तेव्हा कोरकू, मराठी-हिंदी, द्राविडी असे सगळे उसने शब्द वजा करूनही सुमारे चतुर्थांश शब्दसंग्रह निराधार उरला. अलीकडे नागराज यांचा ग्रंथ (२०१४) आणि डेक्कन कॉलेजच्या शैलेन्द्र मोहन यांचे दस्तऐवजीकरण यांनी ती बरीच उजेडात आणली आहे.

या लोकांचे राज्य नव्हते. एका राजवंशाच्या कथेत मात्र ते आहेत. सातपुड्याच्या पलीकडे निमाडात जीतगड-मोहकोटच्या राजांकडे एक फारसी वृत्तान्त होता. त्यात त्यांच्या पूर्वजाने अकबराच्या काळात नाहल लोकांच्या एका अख्ख्या जमातीची दगाबाजीने कत्तल केली आणि त्याबद्दल त्याला जीतगडची जहागीर मिळाली, असे नमूद होते. कॅप्टन फोरसिथ यांनी ही गोष्ट निमाडच्या संदर्भात सांगितली, आणि रसेल व हिरालाल यांनी १९१६ च्या जातिजमातींच्या कोशात ‘नाहल’ या नोंदीत ती घेतली. सोबत अशीही टीप, की जुन्या कागदांत डोंगरी लुटारूंचा उल्लेख करायचा झाला की ‘नाहल, भिल्ल, कोळी’ असा ठरीव शब्दप्रयोग असे. फारसी वंशवृत्तान्ताचे इंग्रजीत एक वाक्य झाले आणि वाक्याची कोशातली नोंद झाली. आपल्यापुढे आहे ती एवढीच संहिता.

ती कशी वाचायची? द ह्यूश यांच्या मार्गाने गेलो तर ‘दग्याने मिळवलेले राज्य’ हा एक संरचनाघटक ठरतो. नाचाच्या जागी खणलेला खड्डा आणि जीतगडचा दगा एका ओळीत मांडता येतात, आणि मेलेली माणसे त्या ओळीत विरून जातात. व्हान्सिनांच्या मार्गाने गेलो तर घटना घडली असे धरता येते. पण मग ती ज्याने सांगितली त्याचेच शब्द स्वीकारावे लागतात. मेलेले कोण होते, याविषयीचा एकमेव साक्षीदार मारणारा आहे. दोन्ही पद्धती अशा परंपरांवर घासून तयार झाल्या, की जिथे कथेच्या आतले लोक अजून बोलत होते, म्बुद्येच्या हातात फळी होती. इथे फळी एकाच पक्षाच्या हाती आहे.

माझ्या मते वाचनाचा आरंभ संहितेतील एका शब्दापासून करावा : ‘अख्खी’. अख्खी जमात मारली गेली असती तर नाव मागे उरले नसते, आणि त्या नावाची माणसे पुढे अधिकाऱ्यांच्या कागदांत आली नसती. हा शब्द घटनेचे वर्णन करत नाही; तो मोबदल्याचे समर्थन करतो. जहागीर संपूर्ण हवी असेल तर कामही संपूर्ण झालेले दाखवावे लागते. वृत्तान्ताचा खरा श्रोता मुघल दरबार आहे. म्हणूनच दगा हा लपवण्याचा नव्हे तर मिरवण्याचा मुद्दा झाला. एरवी वंशवृत्तान्त पूर्वजाचे शौर्य सांगतो, हा पूर्वजाची दगाबाजी सांगतो. कारण त्याला वीरगाथा व्हायचे नव्हते, ती एक प्रकारची पावती होती. जुन्या कागदांतले ‘नाहल’ हे नाव नेहमी एकाच समूहाला लावलेले नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरी हे नाव ज्यांना चिकटले त्यांच्यावर ‘लुटारू’ हे विशेषणही चिकटले, यात संशय नाही.

आणि ते विशेषण भाषाशास्त्रापर्यंत पोचले. निहालीतील त्या निराधार चतुर्थांशाचा खुलासा करताना कुइपर यांनी सावधपणे अशी शक्यता मांडली, की त्यातले काही शब्द एखाद्या गुप्त बोलीचे, चोरभाषेसारखे, असू शकतील. कुइपर हे अत्यंत जबाबदार अभ्यासक, आणि त्यांनी हे ठामपणे म्हटलेले नाही. परंतु ही शक्यता सहज सुचावी अशी वाट कोणी तयार करून ठेवली होती? ‘नाहल, भिल्ल, कोळी’ या तीन शब्दांनी. निव्वळ भाषेचा पुरावा तपासला तर तो वेगळ्या दिशेला जातो. गुप्त भाषा कशी असते याचे उदाहरण मराठीतच आहे. व्यापाऱ्या-दलालांची नंदभाषा घ्या. तिने सर्वांत आधी काय लपवले? आकडे. भाव चारचौघांत बोलता यावा आणि गिऱ्हाइकाला कळू नये, हेच तिचे प्रयोजन. निहालीत दोन, तीन, चार यांची नावे द्राविडी वळणाची आहेत आणि पाचापासून पुढे मोजणी सरळ आपल्या हिंदी-मराठीच्या जवळची. बाजारात उभा असलेला कोणीही शेतकरी ती समजेल. लुटीची वाटणी ज्या भाषेत करायची तिने आकडेच उघडे टाकावेत, हे मला तरी पटत नाही.

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला मी पुढच्या वर्षी वर्गात उत्तर दिले, तोवर तो उत्तीर्ण होऊन गेला होता. चांद्याची कथा राजाने सांगितली, राणीने समजावून दिली, परधानाने गायिली आणि साहेबाने कोष्टकात बसवली. जीतगडची कथा फक्त राजाने सांगितली. निहालीत तिचा दुसरा पाठ आहे की नाही, हे शोधायचे तर जळगावहून जामोदमार्गे डोंगराकडे जावे लागेल, आणि तेथे विचारताना आपल्या प्रश्नात ‘कत्तल’ हा शब्द आधी येऊ देता कामा नये. नाहीतर आपणच तो फारसी कागद त्यांना मराठीतून वाचून दाखवल्यासारखे होईल.